दावं नेलं, म्हैस ठेवली

अक्का, जितेपणी तुला कवा ‘तू’ म्हणले न्हाई. थोरली जाऊ तू. तुझ्यापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायची सोय नव्हती, तर अगं-तुगं कुठून करणार? आता करते. तेरावं झालं, पावणे-रावळे आपापल्या गावाला गेले, आन् मी गोठ्यात तुझ्या धार काढायच्या जागेवर बसून तुला अगं म्हणते. राग आला तर ऊठ आन् भांड माझ्यासंगं. घर लई गप झालंय.

तुझ्यासाठी एक निरोप आणलाय. काल वरच्या गावाला जाऊन आले, वगार घेऊन. होय, त्याच म्हशीच्या वंशातली तरणी रेडी, जिच्यापायी आपण दोघी उभा जन्म भांडलो. पर निरोप लगेच सांगायची न्हाई मी. जितेपणी माझं बोलणं कवा पुरतं ऐकून घेतलं न्हाईस, निम्म्यातच “बस कर गोदे” म्हणायचीस. आता बरी सापडलीस.

तुझ्या तिसऱ्याला गावातल्या बाया तुझं गुण गात होत्या. “लई देणारी होती बाई, असा हात न्हाई कुणाचा.” मी पदरात तोंड घालून हसले, त्यांना वाटलं रडतीय. देणारी म्हणे! अगं, शेजारीण मीठ मागायला आली तर तू चिमटीनं द्यायचीस, आन् वर विचारायचीस, “परवा नेलतं ते एवढ्यात सरलं कावून?” तुझ्या ताकात वाकून बघितलं तर आपलंच तोंड दिसायचं. चुलीतलं अर्धं जळालेलं लाकूड पाणी मारून उद्यासाठी ठेवणारी बाई तू. सासरी आल्यावर पयल्याच खेपेला मी आयला सांगितलतं, “नवरा बरा हाय, पर जाऊ मेली लई चिकट हाय.” ते कुणीतरी तुझ्या कानावर घातलं आन् तू मला वर्षभर सुनावलंस.

आन् रडले बी, अक्का. हसता हसता रडलेच. खोटं कशाला सांगू.

सिंदफणेला पूर आला त्या साली माझी चंद्रा पाळण्यात होती, अजून मान धरत नव्हती. भादवा होता. सकाळी पाणी वेशीला लागलं, दुपारपतोर अर्धं गाव मारुतीच्या देवळाच्या उंचवट्यावर येऊन बसलं, आन् लोकांची घरं बसताना आमी डोळ्यानं बघितली. एकेक भिंत आधी भिजायची, मंग हळूच खाली बसायची, आवाज बी व्हायचा न्हाई. आपलं घर उंचावर म्हून वाचलं. बैल दावणीचे सोडून दिलते म्हून जगले, पर दोन्ही गाई गेल्या.

पूर वसरायला लागला तवा पयला आठवडा माणसं देवासारखी वागली, हे मानलंच पायजे. जमिनीतल्या पेवांत पाणी शिरून ज्वारी आंबली होती, गावभर तो आंबूस वास. तरी ज्याच्या घरी मूठभर कोरडं पीठ होतं त्यानं ते देवळापुढल्या कढईत आणून टाकलं. जन्माचे वैरी मांडीला मांडी लावून कण्या खात होते. तहसिलीतला कारकून घोड्यावरून येऊन पडकी घरं बघून गेला, हैदराबादेहून हुकूम आला की बघू म्हणाला. मंग ऊन पडलं, चिखल वाळला, आन् माणसं परत माणसांसारखी झाली. आपल्या गल्लीतल्या त्या दोघा साडूंनी वाहत आलेला एक दरवाजा मिळून काठावर ओढला आन् तिथंच गचांड्या धरल्या. शेवटी एकेक फळी वाटून घेतली. कैक वर्षं दोन्ही घरांना निम्मा दरवाजा होता आन् दोन्ही घरांत कुत्री शिरायची. तुला आठवलं की अजून हसू यायचं, दात गेल्यावर तर जास्तीच.

नदीनं आणलं ते ज्याच्या काठाला लागलं त्याचं, ही आपल्याकडची रीत. आपल्या काठाला म्हैस लागली.

लागली म्हणजे काय, तू लावलीस. पाणी अजून चढाला होतं, आन् बाभळीच्या जाळीत एक काळं डोकं आन् दोन शिंगं अडकलेली तुला दिसली. तू कमरेला कासरा बांधलास, दुसरं टोक तुझ्या मालकांच्या, थोरल्यांच्या हातात दिलंस आन् छातीएवढ्या पाण्यात उतरलीस. थोरले काठावरून वरडत होते, “मरतीस का काय!” आन् तू पाण्यातून वरडलीस, “मेले तर दुसरी करा, पर कासरा सोडू नका!” मी तापानं फणफणलेली ओसरीवरून बघत होते. इतकी भ्याले, आन् तरी हसले.

म्हशीच्या गळ्यात तुटकं दावं होतं, अंबाडीचं, मधी काळ्या केसांचा एक पेड वळलेला. ते तू सोडलंस, धुतलंस आन् ओसरीतल्या खुंटीला अडकवलंस. “म्हैस नदीनं दिली,” तू म्हणलीस, “पर दावं ज्याचं त्याचं.” जनावर विकलं, कुणाला दिलं, तरी दावं आपल्या घरी ठेवायचं, दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला बी माहीत असतंय. पर पुरानं आणलेल्या म्हशीचं दावं सांभाळून ठेवावं हे तुझ्याच डोक्यात आलं.

म्हशीची कास दुधानं तटतटलेली. रेडकू कुठं बुडालं कुणास ठाऊक, त्याच्याबिगर ती पान्हा सोडंना. आन् हिकडं माझं अंगावरचं दूध तापानं आटलेलं. चंद्रा रडायची बी थकली होती, नुसती तोंड हालवायची. तू म्हशीच्या अंगाला अंग लावून बसलीस, पाठीवरून हात फिरवत, तिच्या कानात काय काय बोलत. मला म्हणलीस, “हिचं लेकरू गेलं, तुझं दूध गेलं. दोघींचं जुळवायला मीच राहिले.” सांजच्याला तिनं पान्हा सोडला. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब करून चंद्राला तूच पाजलंस. तुझ्या कुशीला काही उगवलं न्हाई अक्का, पर त्या सांजेला चंद्राची आय तूच होतीस, मी नव्हते. हे तुला कवा बोलून दाखवलं न्हाई. कावून न्हाई दाखवलं, देव जाणे.

आन् दुसऱ्याच दिवशी तू पिंजाऱ्याच्या अमीनाला आन् लोहाराच्या सुनेला लेकरांसकट बोलावून आणलंस! त्यांच्या बी घरची जनावरं गेलती, त्या बी उपाशी, अंगावर दूध न्हाई. मी अंथरुणातून उठून बसले. “माझ्या लेकराच्या तोंडातलं काढून गावाला वाटता काय?” तू शांतपणे म्हणलीस, “तुझ्या लेकीचं पोट वाटीएवढं, म्हैस देती चरवीभर. बाकीचं काय तू पिणार?” मी म्हणले, उद्या म्हैस आटली तर? आजारी पडली तर? तू म्हणलीस, आटली तर तिघं बी संगंच रडतील. त्यावरनं जे जुंपलं आपलं! अजून बी माझं म्हणणं तेच हाय. आयनं आपल्या लेकरापुरतं बघावं, गावाचं बघायला गाव हाय. तू आय नव्हतीस म्हून तुला तिन्ही सारखी दिसली, असं बी मी त्या दिवशी म्हणले. तू ऐकलंस, आन् तीन वाट्या काठोकाठ, एकीत थेंब कमी न्हाई, एकीत थेंब जास्त न्हाई, अशा भरल्यास.

चिकटपणा तेवढा सोडला न्हाईस. चौथी वाटी थोरल्यांना बी मिळाली न्हाई. अमीना म्हणायची, “अक्का, अल्ला तुमकू सलामत रक्खे.” तू म्हणायचीस, “ठेवू दे, पर वाटी घासून आणत जा.”

दसरा तोंडावर आलता तवा ती म्हातारी आली.

आधी पोरं सांगत आली, की नदीच्या वरच्या अंगाची एक बाई काठाकाठानं गावं धुंडाळत येतीय, आपली म्हैस हुडकतीय. तू ऐकलंस, आन् लगोलग म्हैस थोरल्यांच्या हाती देऊन ओढ्यापलीकडं धाडलीस. मंग ती दारात आली. उंच, वाळलेली, हातात काठी, पायाला फडकी गुंडाळलेली.

“बाई, वाहत आलेली म्हैस घावली का गं कुणाला? कपाळावर चांदी हाय, डावं शिंग खाली आलंय. चिमणी म्हणते मी तिला.”

आन् तू, अक्का, जिनं जन्मात खोटं सांगितलं न्हाई, कारण खोट्याला जास्तीचे शब्द खर्चावे लागतात, तू तिच्या तोंडाकडं बघून म्हणलीस, “न्हाई बाई. हिकडं काय आली न्हाई.”

म्हातारी ओसरीवर टेकली. तू तिला पाणी दिलंस, भाकरी दिलीस, आन् भाकरीवर गुळाचा अख्खा खडा ठेवलास. त्या खड्यावरनंच मी समजले तुझ्या जिवाची काय कालवाकालव चाललीय. चंद्राच्या बारशाला बी एवढा गूळ काढला नव्हतास तू. म्हातारी खात होती, पुरानं काय काय नेलं ते सांगत होती, आन् तेवढ्यात अमीना आन् लोहाराची सून, कडेवर लेकरं, हातात घासलेल्या वाट्या, दारात येऊन उभ्या.

“अक्का, दूद?”

म्हातारीनं वाट्यांकडं बघितलं. लेकरांकडं बघितलं. आत पाळण्यात चंद्रा कुरकुरली, तिकडं बी बघितलं. मंग मान वर केली. दावं तिच्या डोक्यावरच लोंबत होतं.

“किती लेकरं हायत?” तिनं विचारलं.

“तीन,” मीच म्हणले.

ती उठली. खुंटीवरचं दावं काढलं, झटकलं, गुंडाळी करून डोळ्याला लावलं. “एवढं माझं हाय. नेते.” दारातून मागं वळून म्हणली, “सरकी भिजवून घालत जावा, लई आवडती तिला. उजवीकडून बसू नका, लाथ मारती. पाठीवरनं हात फिरवल्याबिगर पान्हा सोडत न्हाई, ते तर कळलंच असंल.”

दावं नेलं आन् म्हैस ठेवली. ज्यानं जनावर दिलं तो दावं नेतो. एक शब्द वाकडा न बोलता तिनं म्हैस देऊन टाकली होती.

तू भाकरी-गुळाचं गाठोडं बांधून तिच्यामागं पळालीस. वेशीपतोर. तिनं हात मागं घेतला. “न्हाई बाई. आता तुमच्या घरचं मला चालायचं न्हाई.” आन् काठाकाठानं निघून गेली. तू गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलीस. “थुंकून गेली ती माझ्यावर,” म्हणलीस. “आधी खाल्लं, आन् खोटारडीचं घर म्हून कळल्यावर तुकडा बी नगं म्हणली.” मी म्हणले, पोट भरलं असंल तिचं. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी उठून चुलीकडं गेले.

तो तुकडा तुझ्या घशात अडकला तो जन्मभर. म्हैस वेताला वेत देत राहिली, गोठा तिच्या लेकी-नातींनी भरला, तिन्ही लेकरं धडधाकट वाढली, आन् दर वगारीच्या वेळी तुझं एकच, “ही तिला पोचती करायची.” कपिलधारच्या जत्रेत कासारणीकडून तू तिचं गाव बी काढलंस. आन् दर वेळी मी आडवी आले. मी म्हणायची, तिनं दावं नेलं, म्हणजे दिली. संपलं. दिलेलं परत करायला गेलं तर देणारीचा अपमान होतो, तिच्या देण्याचं उसनं होतं. तू म्हणायचीस, दान मागितल्यावर मिळतं, मी तर तोंडावर खोटं बोलून ठेवून घेतली, ही चोरीच. मी म्हणायची, मंग जावा की एकट्या. तू जायची न्हाईस. छातीएवढ्या पाण्यात उतरलेली बाई तू, पर त्या म्हातारीच्या दारात उभं राहायला तुझे पाय उचलायचे न्हाईत. आन् मी संगं यायची न्हाई, कारण माझंच बरोबर होतं.

किती भांडलो गं आपण त्यावरनं. जात्यावर भांडलो, खुरपताना भांडलो, चंद्राच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी भांडलो. लोकांच्या घरात जावा-जावांची भांडणं वाटणीवरनं होतात. आपलं घर एकच राहिलं, कारण भांडायला आपल्याला ही म्हैस पुरली.

शेवटी तुला पाणी गिळंना तवा बी तू तेच काढलंस. “गोदे, माझ्या माघारी वगार पोचती कर. दाव्यासकट.” दाव्यासकट! बरकतीसकट! चिमटीनं मीठ देणारी बाई तू! मी म्हणले, “न्हाई करायची. जगा आन् स्वतः जावा.” तू हसलीस. “तू भांडतीस, पर करतीस,” म्हणलीस. मला इतका राग आला तुझा.

म्हून काल गेले. लाल चिंधी बांधलेलं नवं दावं वगारीच्या गळ्यात घातलं, आन् नदीच्या काठाकाठानं, म्हातारी आली तीच वाट उलटी चालत गेले. संगं चंद्रा होती, ती आता दोन लेकरांची आय, पर वाटेत वगारीशी लहान पोरीवाणी बोलत होती. म्हातारी जाऊन लई वर्षं झाली म्हणे. तिची सून भेटली, तिचे बी केस पिकलेत. मी दारातच उभी राहून तुझं सगळं सांगून टाकलं, खोटं बोललीस ते बी, गुळाच्या खड्यासकट. मंग दाव्याचं टोक तिच्या हातात द्यायला गेले.

तिनं हात मागं घेतला. अक्का, अगदी तसाच.

आन् मंग ती हसायला लागली. “अवो, हे कसं घ्यावं आमी? आत्याबाई मरेपतोर सांगायच्या, माझी चिमणी पुरात न्हाई गेली, दिल्या घरी गेली, तीन लेकरांची आय झाली. दावं घेऊन आल्या त्या दिवशी इथं बसून रडल्या, लेक सासरी धाडल्यावर आय रडती तशा. आन् लेक दिली त्या घरचं पाणी तरी आयबापानं प्यावं का? तुमच्या जाऊबाई भाकरी घेऊन मागं धावल्या, ते बी त्यांनी सांगितलतं. ‘आधी खाल्ली ती चालली, तवा लेक दिली नव्हती. दिल्यावर कशी खाऊ?’ म्हणायच्या. दर पावसाळ्यात नदी भरली की काठाला जाऊन विचारायच्या, ‘चिमणे, बरी हायस ना?’”

आत गोठ्यात खुंटीवर ते दावं होतं. काळ्या केसांचा पेड तसाच. त्याला हळद-कुंकू लावलेलं.

वगार तिनं ठेवून घेतली न्हाई. “नात आजोळी आली, बरं झालं,” म्हणली. तिला भिजवलेली सरकी घातली, कपाळाला कुंकू लावलं, माझ्या आन् चंद्राच्या ओटीत खण-नारळ घातला आन् आमाला परत धाडलं. मी बी मुद्दाम तिच्या घरी पोटभर जेवले. आमच्या चिमणीचं माहेर ते, तिथं कुणी लाजतं व्हय?

म्हणजे जितले मी, अक्का. इतक्या वर्षांच्या भांडणात मीच खरी निघाले, तिनं दिलीच होती. वाटभर मनात घोकत आले, घरी गेले की सांगते, आता बघू काय म्हणतीय. वेशीत आल्यावर ध्यानात आलं, की सांगायचं कुणाला.

तर आता तुझ्या जागेवर बसून सांगते. वगार ही इथं बांधलीय, मी तिच्या पाठीवरनं हात फिरवतीय, तू शिकवलास तसा. पुढल्या साली ती व्याली की पयला चीक अमीनाच्या घरी जाईल, मंग लोहाराच्या, मंग आपल्या. वाट्या काठोकाठ भरीन, तू काळजी करू नगंस. आन् तुझा तो घशातला तुकडा आता गिळ. सुखानं गिळ. थुंकून न्हाई गेली गं ती, अक्का. सोयरीक करून गेली.